अंगाने पांढरे जन्मलेले मूल : समज, गैरसमज आणि आपले काम



या पानावर आम्ही दर अंकात बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि पाणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय थोडा वेगळा आहे. ऊस नोंदीच्या निमित्ताने शेतकी विभागाची माणसे घरोघर जातात, ओसरीवर बसतात, चहा घेतात. तेव्हा पिकाबरोबर घरच्या अडचणीही कानांवर येतात. आमच्या कार्यक्षेत्रात दोन-तीन घरी अशी मुले आमच्या पाहण्यात आली की ज्यांचे केस भुरे-पांढरे, कातडी दुधासारखी, भुवया व पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि उन्हात आले की डोळे मिटतात. प्रत्येक घरी मुलाच्या आईला काही ना काही ऐकावे लागले होते. एका घरी तर मुलीची शाळा बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली होती. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावे असे ठरविले. यातील वैद्यकीय भाग आम्ही जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतलेला आहे. सांगण्याची पद्धत मात्र आमची, म्हणजे शेतकी खात्याची आहे.

पांढरे पान आणि त्याची तीन कारणे

खोडव्यात पाने पांढरट-पिवळी दिसू लागली की पुष्कळ सभासद एकच प्रश्न विचारतात, ‘साहेब, काय मारू?’ आम्ही उलट विचारतो, ‘पांढरे कशाने झाले ते आधी पाहू.’ कारण पांढरे दिसणे हे एक, पण त्याची कारणे अनेक. लोह कमी पडून केवडा आला असेल तर हिराकसाची फवारणी केली की पान पुन्हा हिरवे होते. गवताळ वाढीचा रोग असेल तर बेटातून बारीक, पांढरट फुटवे निघतात. हा रोग बेण्यातून व किडींमार्फत पसरतो, म्हणून ते बेट उपटून नष्ट करावे लागते. तिसरा प्रकार धान लावणाऱ्यांनी पाहिला असेल. पऱ्ह्यात एखादे रोप उगवतानाच पांढरेशुभ्र निघते. ते ना रोगाने झालेले असते, ना खताच्या कमतरतेने. त्याच्या बीजातच हिरवा रंग तयार करण्याची सोय नसते.

माणसाच्या कातडीचेही तसेच आहे. अंगावर एखादा फिकट, बधिर चट्टा आला तर तो कुष्ठरोग असू शकतो. पूर्व विदर्भात हा रोग अजून आढळतो, आणि सरकारी दवाखान्यात त्यावर मोफत औषध मिळते व तो पूर्ण बरा होतो. चांगल्या रंगाच्या अंगावर पुढे केव्हातरी पांढरे डाग उमटू लागले तर ते कोड. कोड लागट नाही. आणि मूल जन्मतःच सर्वांगाने, केसांसकट, फिकट असेल तर ती वर्णहीनता. डॉक्टर मंडळी तिला अल्बिनिझम म्हणतात. लॅटिन भाषेत ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा, त्यावरून हा शब्द आला. हिंदी मुलखात अशा माणसाला ‘सूरजमुखी’ म्हणतात. आपल्याकडे ‘भुऱ्या’, ‘भुरी’, ‘इंग्रज’ अशी नावे पडतात, आणि मूल मोठे झाले तरी ती त्याच्या मागे लागतात.

कुष्ठरोग, कोड आणि वर्णहीनता या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एका दोरीने बांधणे म्हणजे केवडा, गवताळ वाढ आणि पांढरे रोप यांना एकच फवारा मारण्यासारखे आहे. वर्णहीनता हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने किंवा आईच्या दुधाने कोणालाही लागत नाही.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. पऱ्ह्यातील पांढरे रोप आठ-दहा दिवसांत मरते, कारण हिरवा रंग हे त्याचे अन्न शिजविण्याचे साधन आहे. यावरून कोणी म्हणतात की असे मूलही ‘जगत नाही’, ‘हाडाने कच्चे असते’. हे खरे नाही. माणसाच्या कातडीतील रंग अन्न शिजवत नाही, तो छत्रीचे काम करतो. छत्री नसलेला माणूस उन्हात पोळतो, पण तो उपाशी मरत नाही. ऊन सांभाळले तर असे मूल इतरांसारखेच वाढते, शहाणे होते आणि इतरांइतकेच आयुष्य जगते.

माणूस कांडीपासून होत नाही

सर्वांत दुखरी जागा ही आहे. ‘आई सावळी, बाप सावळा, मग लेकरू असे कसे?’ हा प्रश्न गावात विचारला जातो आणि त्याचा रोख सरळ आईच्या चारित्र्यावर असतो. आमच्या ओळखीच्या एका घरी बाळंतपणानंतर सून कितीतरी महिने माहेरीच राहिली. कोणी तिला स्पष्ट काही बोलले नाही. पण न्यायलाही कोणी गेले नाही.

ऊस उत्पादकांना असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण आपण पीक कांडीपासून घेतो. को ८६०३२ ची कांडी लावली की को ८६०३२ च उगवतो. जसे बेणे तसा ऊस. परंतु हीच जात तयार कशी झाली? दोन जातींच्या तुऱ्यांचा संकर करून, बियांपासून. कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत १९१२ सालापासून हे काम चालू आहे. एकाच तुऱ्याच्या बिया पेरल्या तरी प्रत्येक रोप निराळे निघते. एक जाड, एक बारीक, एक गोड, एक पाणचट. आईबापांत जे दिसत नव्हते तेही एखाद्या रोपात वर येते. माणूस कांडीपासून होत नाही, बीजापासून होतो. म्हणून सावळ्या जोडप्याच्या पोटी पांढरे मूल जन्मणे यात अघटित काही नाही.

हिशेब सोपा आहे. शरीराच्या प्रत्येक कामासाठी आपल्याकडे दोन चिठ्ठ्या असतात असे समजा. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. रंग तयार करण्याच्या कामाला एक चिठ्ठी चांगली असली तरी भागते. ज्याच्याजवळ एक चांगली व एक सदोष चिठ्ठी आहे तो दिसायला अगदी इतरांसारखा असतो. त्याला ‘वाहक’ म्हणतात, आणि आपण वाहक आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. नवरा व बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक संभव असा की बाळाच्या वाट्याला दोन्ही सदोष चिठ्ठ्या येतील. म्हणजेच मूल वर्णहीन जन्मले याचा अर्थ आईचा व बापाचा वाटा सारखाच, आठ आणे आणि आठ आणे. या मुलाचा पांढरा रंग आईवर संशय घेण्याचे कारण होऊ शकत नाही. या सर्वसाधारण प्रकारात बापाकडूनही तशीच चिठ्ठी यावीच लागते.

‘चारात एक’ याचाही चुकीचा अर्थ लावला जातो. ‘एक झाले, आता पुढची तीन सुखरूप’ असे कोणी धरून चालतात. तसे नाही. चिठ्ठी दर वेळी नव्याने निघते, आणि दर वेळी संभव तितकाच राहतो.

एक निराळा प्रकारही आहे. त्यात कातडी व केस जवळपास नेहमीसारखे असतात, दोष फक्त डोळ्यांत असतो. तो आईच्या बाजूने येतो आणि बहुतेक मुलग्यांतच दिसतो. तेथेही आईचा अपराध काहीच नसतो. कोणती चिठ्ठी मुलाला द्यावी हे तिच्या हातात नसते.

जगाचा सर्वसाधारण हिशेब सतरा ते वीस हजारांत एक वर्णहीन मूल असा आहे, आणि सत्तर माणसांत एक जण वाहक असतो असे मानतात. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. जगाचे हे प्रमाण येथे लावले तर जिल्ह्यात अशी साठ-सत्तर माणसे असावीत. आणि आपल्या वार्षिक सभेला सातशे सभासद आले तर त्यांत दहा जण तरी वाहक निघतील. ते कोण हे त्यांना माहीत नाही, आम्हालाही नाही. त्यात आम्ही स्वतःही असू शकतो. तेव्हा दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविताना हा हिशेब आठवावा.

नात्यात लग्न केल्याने असे होते का? मामेबहीण, आतेबहीण यांच्याशी लग्न झाले तर एकाच आजा-आजीकडून आलेली सदोष चिठ्ठी दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. म्हणून नात्यातील लग्न टाळलेले बरे. परंतु नाते नसलेल्या जोडप्यांनाही अशी मुले होतात, आणि नात्यातील बहुतेक जोडप्यांची मुले ठीक असतात. झालेल्या लग्नाला आता दोष देऊन काही हाती लागत नाही.

ग्रहण, दूध आणि पूर्वजन्म

गरोदरपणी बाईने ग्रहण पाहिले, दूध-भात फार खाल्ला, पांढरी माती खाल्ली, कोणाची नजर लागली, मागील जन्मीचे पाप भोवले, अशी कितीतरी कारणे सांगतात. यांपैकी एकही खरे नाही. चिठ्ठ्या गर्भ राहतानाच ठरलेल्या असतात. त्यानंतर आईने काय खाल्ले वा काय पाहिले याने त्या बदलत नाहीत. केशराचे दूध पिऊन मूल गोरे होत नाही, तसेच साधे दूध पिऊन ते पांढरेही होत नाही.

ग्रहणावरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिका खंडातील पनामा देशात गुना नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्यात वर्णहीन माणसांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे. ते या मुलांना ‘चंद्राची लेकरे’ म्हणतात. चंद्राला ग्रहण लागले की त्याला गिळणाऱ्या राक्षसावर बाण सोडण्याचा मान त्यांच्यात याच माणसांना असतो. आपल्याकडे ग्रहणाने मूल बिघडले म्हणतात, तिकडे याच मुलामुळे ग्रहण सुटते म्हणतात. दोन्ही समजुतीच. पण मूल तेच असताना समजुतीप्रमाणे त्याच्या वाट्याला मान येतो की अपमान, एवढे यावरून दिसते.

समजूत माणसाला कोठपर्यंत नेते याचे भयंकर उदाहरण आफ्रिकेतील टांझानिया देशाचे आहे. तेथे सुमारे चौदाशे माणसांत एक असे प्रमाण आहे. या माणसांच्या अवयवांनी धन मिळते अशी अफवा मांत्रिकांनी पसरविली आणि त्यापायी मुलांचेही खून झाले. त्याच देशात २०१० साली सालुम खल्फान बारवानी हे वर्णहीन गृहस्थ लोकांच्या मतांनी खासदार म्हणून निवडून आले. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ जून हा दिवस वर्णहीनतेविषयी जागृतीसाठी ठरविला असून २०१५ पासून तो पाळला जातो.

मूल ‘मठ्ठ’ नसते, त्याला फळा दिसत नाही

या विषयात आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो डोळ्यांचा भाग. रंग लोकांना चटकन दिसतो, म्हणून सगळी चर्चा रंगाची होते. मुलाची खरी अडचण नजरेची असते.

डोळ्याच्या आतील पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण बारीक अक्षर वाचतो, तो गर्भात नीट घडण्यासाठी रंगद्रव्य लागते. ते नसल्यामुळे तो भाग पुरता तयार होत नाही, आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या शिरांची मांडणीही थोडी वेगळी होते. म्हणून मूल दोन-तीन महिन्यांचे झाले की त्याची बुबुळे झोपाळ्यासारखी हलू लागतात. काहींचे डोळे तिरळे असतात. प्रकाश झेपत नाही. लांबचे दिसत नाही.

याबाबतचे गैरसमज एकेक करून पाहू.

‘डोळे लाल असतात.’ बहुतेकांचे डोळे राखी, निळसर किंवा तपकिरी असतात. विशिष्ट प्रकाशात आतील रक्तवाहिन्यांची लाली चमकते, एवढेच. ‘रात्री मांजरासारखे दिसते.’ नाही. रात्री प्रकाशाचा त्रास नसतो म्हणून मूल डोळे उघडून मोकळे वावरते. नजर वाढत नाही. ‘चष्मा लावला की झाले.’ चष्म्याने नंबराचा भाग सुधारतो आणि म्हणून तो अवश्य लावावा, परंतु पडद्याची उणीव चष्म्याने भरून निघत नाही. ‘पुस्तक डोळ्याशी धरून उरलीसुरली नजर जाईल.’ उलट, जवळ धरल्यानेच त्याला अक्षर मोठे दिसते. त्याने काही अपाय होत नाही. ‘मान वाकडी करून पाहते, खोड आहे.’ मान एका बाजूला कलती केली की बुबुळांचे हलणे कमी होते व जास्त स्पष्ट दिसते, हे मुलाने आपणहून शोधलेले असते. ती मान सरळ करायला लावू नये. ‘हळूहळू आंधळे होणार.’ ही नजर अधू असते, पण वर्णहीनतेमुळे ती वर्षागणिक घटत जात नाही.

वर ज्या मुलीचा उल्लेख केला तिची गोष्ट येथे सांगतो. नाव-गाव मुद्दाम देत नाही. मुलगी तिसरीत होती. तोंडी विचारले तर पाढे धडाधड म्हणायची, गोष्टी ऐकून पाठ करायची. वही मात्र कोरी. शाळेत तिला मागच्या बाकावर, खिडकीशेजारी बसविले होते. इतर मुले दचकतात असे कारण सांगितले गेले. खिडकीचे ऊन डोळ्यांवर, फळा वीस फुटांवर. वर्षाअखेरीस ‘मुलगी मठ्ठ आहे’ असा निरोप घरी आला. वडील म्हणाले, ‘पोरीले घरीच ठेवतो, शेण-केर तरी करंल.’ आम्ही एवढेच केले की घरच्यांना जिल्हा रुग्णालयात डोळे तपासण्यास नेले. चष्मा लागला, दाखला झाला. तिला पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसविण्याची विनंती घरच्यांनी नव्या बाईंना केली व बाईंनी ती मानली. फळ्यावरचे वहीत उतरवून देण्यास शेजारची मैत्रीण मिळाली. चौथीत मुलगी वर्गात मधल्या फळीत आली. पहिली आली असे आम्ही सांगणार नाही, कारण ती आली नाही. पण शाळा सुटली नाही, आणि आम्हाला तेच मोठे वाटते.

अशी माणसे शिकून कोठवर जातात? इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठात विल्यम स्पूनर नावाचे विद्वान एका महाविद्यालयाचे प्रमुख होते. ते जन्मतः वर्णहीन होते व नजर अधू होती. माली देशाचे सालिफ केइता हे जगप्रसिद्ध गायकही तसेच.

उन्हाविषयीचा घातक सल्ला

‘बाई, पोराले उन्हात ठेव, मंग रंग येते,’ हा सल्ला आमच्या भागात सर्रास देतात. यासारखा घातक सल्ला दुसरा नाही. रंग तयार करण्याची सोयच नसलेली कातडी उन्हात काळी होत नाही. ती भाजते, फोड येतात. असे वर्षानुवर्षे होत राहिले तर तरुण वयातच कातडीचा कर्करोग होण्याची भीती असते.

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा मुलाला घरात ठेवावे हे सर्वांना कळते. फसगत होते ती हिवाळ्यात. ऊसतोडीच्या दिवसांत ऊन कोवळे लागते, बरे वाटते, म्हणून मूल दिवसभर बांधावर राहते. कातडी भाजणारे किरण आणि उन्हाची गरमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; गरमी कमी असली तरी ते किरण असतातच. ढगाळ दिवसांतही असतात. रोवणीच्या वेळी पाणी भरलेल्या बांधीत तर वरून ऊन आणि खालून पाण्याची तिरीप, यामुळे डोळे दिपतात.

उपाय महागडे नाहीत. सकाळी दहा ते दुपारी चार मूल सावलीत असावे. पूर्ण बाह्यांचा सुती, घट्ट विणीचा कपडा, रुंद काठाची टोपी, कान व मान झाकणारा दुपट्टा, आणि छत्री. डोळ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने गडद काचांचा चष्मा. उघड्या भागावर उन्हापासून रक्षण करणारे मलम लावावे, त्यावर एस.पी.एफ. ३० किंवा अधिक असे लिहिलेले असावे. बाहेर असल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. मलम परवडत नसेल तर टोपी व कपडा हेच पहिले मलम समजावे. शाळेतील कवायत, खेळ व प्रार्थना सावलीत वा सकाळी लवकर व्हावी असे गुरुजींना सांगावे. खेळापासून मात्र मुलाला तोडू नये.

भोंदू औषधे

वर्णहीनतेवर रंग आणणारे खात्रीचे औषध आज जगात नाही. जो ‘रंग आणून देतो’ म्हणतो तो एकतर अज्ञानी किंवा लबाड. काही वैदू कोडावर लावतात ते बावचीचे तेल या मुलांना चोळतात आणि उन्हात बसवितात. बावचीत असे द्रव्य असते की ते लागलेली कातडी उन्हाने अधिकच भाजते. वर्णहीन कातडीवर हा प्रयोग म्हणजे जखमेला निमंत्रण. बिब्याचे तर नावच नको.

मंडईला, जत्रेला आलेले बाबालोक अंगारा देतात, उतारा सांगतात, पैसे उकळतात. आपल्या राज्यात २०१३ सालचा जादूटोणा विरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झटून अखेर प्राण दिले. चमत्काराच्या नावावर फसविणाऱ्याला या कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. असा प्रकार दिसला तर पोलीस ठाण्यात तक्रार करावी.

डॉक्टरांना मात्र दोन गोष्टी आवर्जून सांगाव्या. मुलाला थोड्याशा माराने काळे-निळे डाग पडत असतील, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येऊन लवकर थांबत नसेल, किंवा वारंवार मोठे आजार होत असतील तर ते तपासून घ्यावे. वर्णहीनतेचे काही विरळ प्रकार असे आहेत की त्यांत रक्त गोठण्याची वा रोगप्रतिकाराची तक्रार सोबत असते. मोठ्या माणसांनी वर्षातून एकदा कातडी दाखवावी. महिनाभर न भरणारी जखम अंगावर काढू नये.

लग्न आणि पुढची पिढी

‘याला मुलगी कोण देणार? पुढची मुलेही अशीच होणार.’ हाही अर्धवट समज. वर्णहीन माणसाचे लग्न वाहक नसलेल्या जोडीदाराशी झाले तर सर्व मुले दिसायला नेहमीसारखी होतात. ती फक्त वाहक असतात. जोडीदार वाहक असेल तर दोनात एक संभव. दोघेही एकाच प्रकारचे वर्णहीन असतील तरच सर्व मुले तशी होतात. घरात असे मूल असेल तर लग्नापूर्वी किंवा पुढच्या बाळंतपणापूर्वी नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात आनुवंशिक सल्ला विचारावा.

उपजीविकेचे म्हणाल तर, ऊन्हातान्हात कोयता चालविणे किंवा रोवणी करणे हे काम या मुलांचे नव्हे. म्हणूनच त्यांना शाळेची गरज इतर मुलांपेक्षा अधिक आहे. आपली सामान्य मुले शिकली नाहीत तर शेती करतील. हे मूल शिकले नाही तर त्याच्यासाठी शेतही नाही. कार्यालय, शिक्षकी, संगणक, दुकान, संगीत, दवाखाना, कितीतरी कामे सावलीतील आहेत.

घरच्यांनी काय करावे

१. मूल सहा महिन्यांचे होण्याआधी जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूर, सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे व पुढे दरवर्षी तपासणी चालू ठेवावी.

२. अंगणवाडी व शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्या दिवशी मुलाला लपवून न ठेवता पुढे करावे.

३. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ‘अल्पदृष्टी’ हा प्रकार आहे. वर्णहीनता असे नाव यादीत नसले तरी चष्मा लावूनही नजर ठराविक मर्यादेपेक्षा कमी असेल तर मूल त्यात बसते. अर्ज करून तपासणी झाल्यावर प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळते. चाळीस टक्के वा अधिक दाखला मिळाल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, परीक्षेत जादा वेळ, एस.टी. भाड्यात सवलत इत्यादी लाभ मिळतात.

४. शाळेत पुढचा बाक, खिडकीकडे पाठ, मोठे व ठळक अक्षर, भिंग, आणि फळ्यावर लिहिताना गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखविणे एवढे मागावे. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे मोठ्या टाइपातील पुस्तकांची चौकशी करावी.

५. मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. घरच्यांनीच ‘भुऱ्या’ म्हटले तर गावाला कोण अडविणार?

६. मूल विचारू लागले की त्याला खरे सांगावे. ‘तुझ्या अंगात रंगाची छत्री नाही, म्हणून आपण टोपी घालतो,’ एवढे पाच वर्षांच्या लेकरालाही समजते.

सभासदांना विनंती अशी की, तोडणीसाठी येणाऱ्या टोळ्यांतही असे मूल दिसले तर मुकादमाला सांगून त्याला फडाच्या बांधावर न ठेवता सावलीची सोय करावी व गट कार्यालयास कळवावे. आपल्या गावात असे घर असेल तर नामकरणाला, पोळ्याला, मंडईला त्यांना आवर्जून बोलवावे आणि मुलाकडे टक लावून न पाहता त्याच्याशी बोलावे. जिल्हा रुग्णालयात जाण्यास सोबत हवी असेल, कागदपत्रांची अडचण असेल, तर आमच्या विभागाच्या कोणत्याही कर्मचाऱ्यास निःसंकोच सांगावे. ऊस नोंदीला आम्ही येतोच. त्याच वहीत ही नोंदही घेऊ.

खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाचा राहिलेला भाग पुढील अंकी देऊ.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग